वायर मुरते आहे

धाकट्या भावजींकडे जेवायचं आमंत्रण आलं की मी घरून पोळीचा लाडू खाऊन निघते. जेवणात काही उणं नसतं; मंजूच्या हातचा आमरस आमच्या सगळ्या गोतावळ्यात नावाजलेला आहे. पण भावजींना भारी स्पीकर लावून जुनी गाणी ऐकायचा आणि ऐकवायचा नाद. त्यामुळे पानं मांडायच्या आधी 'ऐकणं' असतं आणि ते कधी संपेल याचा नेम नसतो.

वैशाखातलं कोथरूड, दुपारचे बारा. भावजी आधी पंखा बंद करतात, कारण पात्यांची घरघर. मग खिडक्या, कारण रिक्षा. मग फ्रिज, कारण त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की विजेच्या लायनीत म्हणे 'घाण' येते. मिक्सरला तर सक्त मनाई. चटणी वाटायची तर तबकडीची बाजू संपेपर्यंत थांबा. सोफ्यावर खरी जागा एकच, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर असलेली. तिथे पाहुण्याला बसवतात. जरा वळून घाम पुसला की "वहिनी, सरळ!" असा दबका हुकूम येतो.

"ही स्पीकरची जुनी वायर... आणि आता ही नवी." नवी माझ्या मनगटाएवढी जाड. तिच्या किमतीत जो फ्रिज बंद केला, तसे दोन आले असते. "फरक कळला?"

'नाही' म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. 'हो' म्हटलं तर "काय कळला?" म्हणून मी काही शब्द जमवून ठेवलेत: मोकळा, गोलाई, तंबोरा मागे सरकला. परवा सहज म्हटलं, "खालचे सूर जरा कोरडे वाटले." भावजी एकदम खूश! "बरोबर! वायर अजून मुरायची आहे. दोनशे तास तरी वाजवावी लागते." मुरणं हे कैरीचं काम, असं मी इतकी वर्षं समजत होते.

ऐकायला असतात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. तीच तीन मिनिटांची चीज तीन अवतारांत: लाखेची जुनी तबकडी, तिच्यावरून पुढे निघालेली एलपी आणि नंतरची सीडी. इथे भावजींचे मित्र अण्णा मैदानात उतरतात. त्यांच्या मते सीडीवाल्यांनी खरखर पुसता पुसता तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजारवही, पुसली. शिवाय सीडीवर खाँसाहेब अर्धा स्वर चढे गातात. हे अगदीच अशक्य नाही. त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांनीच मुद्रित होत नसत आणि वेग चुकला की स्वर चुकतो. भावजींच्या मते मात्र सीडी बरोबर आहे, अण्णांचा ग्रामोफोनच दमलाय. मग दोघं पेटी काढून खाँसाहेबांची पट्टी शोधायला बसतात. खाँसाहेब 1937 सालीच गेले, म्हणून सुटले. आम्हाला पट्टी सापडेपर्यंत थांबावं लागतं.

माझी शंका वेगळीच आहे. भावजींचे स्पीकर 40,000 हर्ट्झपर्यंत वाजतात. माणसाला ऐकू येतं फार तर 20,000 पर्यंत, तेही लहानपणी. साठीच्या बहुतेकांचं 12,000 च्या वरचं गेलेलं असतं. भावजी एकसष्ट. आणि लाखेच्या तबकडीवर सात-आठ हजारांच्या वर गाणं जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. म्हणजे इमारतीचे वरचे सगळे मजले रिकामे आणि मेंटेनन्स मात्र पूर्ण. हे मी एकदा बोलून दाखवलं. "ते ऐकू येत नाही वहिनी, जाणवतं," भावजी म्हणाले. जाणवत तर मलाही होतं, पण ते पोटात.

पुतण्याने तोडगा सुचवला. "बाबा, डोळे बांधा, मी वायरी बदलतो. कुठली कुठली ते सांगा." भावजींनी तो तत्काळ फेटाळला. परीक्षा म्हटली की ताण येतो आणि ताणाने कान मिटतात. (हे बारावीच्या वर्षी त्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं.) तेव्हा त्याने अमेरिकेतलं मोबाइल फिडेलिटी प्रकरण काढलं. मूळ ध्वनिमुद्रणाच्या फितीवरून, म्हणजे मास्टर टेपवरून, काढलेल्या महागड्या एलपींसाठी ही कंपनी प्रसिद्ध. वाटेत डिजिटलचा विटाळ नाही, या समजुतीने शौकीन त्या एलपी डोक्यावर घेऊन नाचायचे. 2022 मध्ये बाहेर आलं की त्यातल्या बऱ्याच एलपी काही वर्षं डिजिटल टप्प्यातूनच जात होत्या. कंपनीने कबूल केलं, प्रकरण कोर्टात गेलं. पुतण्या विजयी मुद्रेने थांबला. अण्णांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि म्हणाले, "डिजिटल असून इतकं सुरेख वाजलं, म्हणजे मूळ टेप काय असेल बघा!"

अशा माणसांशी वाद घालू नये. पण मला उगीच सगळंच थोतांड म्हणायचं नाही. स्पीकर-स्पीकरमध्ये फरक असतो आणि तो माझ्यासारखीलाही कळतो. खोलीने तर फारच पडतो. यांच्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला भिंतभर काच. प्रत्येक सूर टप्पे खात फिरतो. मागे लग्नघरचे पाहुणे होते म्हणून हॉलभर गाद्या घातल्या होत्या, तेव्हा त्याच एलपीतला तबला मला पहिल्यांदा सुटा ऐकू आला होता. या वेळी मी ते सांगून टाकलं. "भावजी, वायर राहू दे. काचेला जाड पडदे लावा, खाली सतरंजी घाला."

स्वयंपाकघरातून मंजू झारा हातात घेऊनच बाहेर आली. "मी कधीपासून पडदे मागतेय यांच्याकडे! म्हणे कशाला खर्च."

भावजी विचारात पडले. "कापड कुठलं?" अण्णा म्हणाले, मखमल वरचे सूर खाते, सुती बघा. दोघांनी टेप काढली, फीत म्हणते मी, मोजायची, आणि काचेची मापं घ्यायला लागले. तेवढ्यात मी पंखा लावला. फ्रिज लावायचं कोणालाच सुचलं नाही, त्यामुळे आमरस कोमट मिळाला; तरी दोन वाट्या झाल्या.

पडदे लागले. मंजूच्या पसंतीचे, आंबा रंगाचे. भावजी सांगतात, मध्यम स्वर आता 'बसले'. आणि परवा मंजूचा फोन आला: स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्रॉल्या खडखडतात, त्याचा खर्जावर फार परिणाम होतो, असं मी भावजींना सांगायचं आहे.