‘काटा चाळीसच्या वर हवा’: जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल प्रेशरचा फिरता सल्ला तपासून पाहू

जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर हा मेसेज कधी ना कधी आलेला असतोच. त्याचा सारांश असा: ऑइल प्रेशर तपासायला वेगळा गेज लागत नाही, इंजिन चालू ठेवून वरचं झाकण उघडा, रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) ऑइल दिसलं की प्रेशर ओके. मीटर असेल तर काटा ४० पौंडांच्या (पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड) वर हवा. खाली असेल तर जाड ऑइल टाका. तरी चढला नाही तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगमागे वॉशर घाला. आणि लाल दिवा विझलेला असेल तर काळजीच नको.

यातली एक गोष्ट अर्धवट खरी आहे. बाकीच्यांनी इंजिनाचं काम निघू शकतं.

आधी झाकणाचं बघू. बऱ्याच इंजिनांत रॉकरकडे जाणारं ऑइल मुद्दाम बारीक भोकातून, मोजकंच सोडलेलं असतं. तिथे ते ओघळताना दिसलं म्हणजे रस्ता बंद नाही, एवढंच कळतं. खाली क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पेलणाऱ्या मेन बेअरिंगला किती दाब मिळतोय याचा त्यावरून पत्ता लागत नाही. १० पौंडांवरही वरचा भाग ओला दिसू शकतो. उलट बाजूने मात्र ही खूण कामाची आहे. वर सगळं कोरडं असेल तर इंजिन बंद करा आणि कारण शोधा. अर्धवट खरी म्हटली ती हीच गोष्ट.

‘४० च्या वर’ हा आकडा कुठल्या इंजिनाचा, किती आरपीएमला, थंड की गरम, यातलं मेसेजमध्ये काहीच नाही. आणि या तीन गोष्टींशिवाय ऑइल प्रेशरचा कुठलाही आकडा निरर्थक असतो. मॅसी फर्ग्युसन ३५ मधल्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनाला गरम असताना, पूर्ण वेगावर ३० ते ६० पौंड चालतात. म्हणजे ३५ वरचा काटाही तिथे निरोगी. जुन्या दोन सिलिंडरच्या जॉन डिअरमध्ये १०-१५ च्या आसपासचा दाब नेहमीचाच. १९१७ च्या फोर्डसन मॉडेल एफमध्ये तर ऑइल पंपच नव्हता, ऑइल उडून सगळीकडे पोचायचं. त्याच्या मालकाने ४० कुठे शोधायचे?

मुळात पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ते बेअरिंगच्या फटीतून गळताना जो अडथळा होतो, त्यातून दाब उभा राहतो. बेअरिंगमधली फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला गळती साधारण आठपट होते, म्हणून झिजलेल्या इंजिनात काटा असा झपाट्याने पडतो. ऑइल तापून पातळ झालं की गळती आणखी वाढते. सकाळी थंड इंजिनावर ५५ दाखवणारा ट्रॅक्टर तासाभराच्या नांगरटीनंतर स्लोवर (रेस न देता) १५ दाखवत असेल, तर त्यातला सकाळचा आकडा सोडून द्या. दुसरा आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. स्लोवरचे १५ म्हणजे संकट असंही नाही: फिरणारा क्रँक स्वतःच ऑइल फटीत ओढून घेतो आणि त्या पातळ थरातला दाब मीटरवरच्या दाबापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पंपाने ती फट सतत भरलेली ठेवली की झालं.

जाड ऑइलचा सल्ला लोकांना पटतो, कारण काटा खरंच चढतो. पण तो चढतो ते ऑइल बेअरिंगमधून सावकाश बाहेर पडतं म्हणून. बेअरिंगमधली उष्णता वाहून नेणारं ऑइल त्यामुळे कमी होतं. थंडीत स्टार्ट केल्यावर ऑइल पोचायला उशीर लागतो. ज्या फिल्टरला बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) आहे तिथे तो उघडून न गाळलेलं ऑइल पुढे जातं. मॅन्युअलने सांगितल्यापेक्षा पातळ ऑइल चुकून पडलं असेल तर ते बदलाच. पण मोजण्याआधीच जाड ऑइल ओतलं, तर आजार किती जुना आहे हे कळायची सोयच राहत नाही.

वॉशरची शक्कल सगळ्यात वाईट. रिलीफ व्हॉल्व्हचं काम दाबाची वरची मर्यादा राखायचं. गरम इंजिन, स्लोवर काटा १० वर: अशा वेळी तो व्हॉल्व्ह आधीच बंद असतो. बंद दार आणखी जोरात दाबून काय मिळणार? थंड इंजिनावर मात्र दाब भलताच चढतो आणि त्याचा मार फिल्टरच्या सीलवर आणि पंपाच्या गिअरवर बसतो. काही कंपन्या या स्प्रिंगखाली शिम (पातळ चकत्या) देतात, पण ते नेमकी मर्यादा लावण्यासाठी. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला, किंवा स्प्रिंग मेली, तर दाब थंड असतानाही आणि रेस दिल्यावरही कमीच राहतो. तेव्हा तो काढून धुवा, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी जुळवा.

मग मोजायचं कसं? आधी ऑइल मोजायची पट्टी बघा, ऑइलची पातळी आणि वास दोन्ही. मग अर्धा तास लोडवर काम करून घ्या. इंजिन बंद करून मेन गॅलरीवरचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेवरचा) प्रेशर स्विच किंवा प्लग काढा आणि तिथे ० ते १०० पौंडांचा साधा यांत्रिक गेज जोडा. इथे आट्यांकडे लक्ष द्या. १/८ इंच म्हटल्या जाणाऱ्या मापाच्या ब्रिटिश पाइप आट्यात इंचाला २८ आटे असतात, अमेरिकनमध्ये २७. चुकीचा जोड एक-दोन फेरे छान बसतो, मग अडतो. पान्याने रेटला की ब्लॉकचे आटे गेले. गेजची नळी पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा, तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल उडालं तर आग लागते. मग स्लोवर आणि रेटेड आरपीएमवर (कंपनीने ठरवलेल्या पूर्ण वेगावर), असे दोन आकडे लिहून ठेवा. गेज किलोचा (चौरस सेंटीमीटरला किलो) असेल तर १ किलो म्हणजे साधारण १४.२ पौंड.

काटा कसा वागतो तेही बघा. तो थरथरत असेल तर पंप हवा ओढत असण्याची शक्यता मोठी: पातळी कमी, किंवा सक्शन पाइपचा जोड ढिला. रेस वाढवल्यावर दाब उलट पडत असेल तर चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी तुंबली असेल. फक्त चढावर किंवा उतारावर पडत असेल तर पुन्हा पातळी बघा. आणि डॅशबोर्डवरचा जुना मीटर नव्या गेजशी जुळत नसेल, तर मीटरला दोष देण्याआधी त्याची तांब्याची बारीक नळी चोंदली आहे का ते तपासा.

राहिला लाल दिवा. त्याचा स्विच साधारण ५-७ पौंडांवरच सुटतो. म्हणजे गरम इंजिन पूर्ण रेसवर ३० ऐवजी १० पौंडांवर चालत असलं तरी दिवा विझलेलाच राहणार. चावी लावल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो पेटतो का, हे तर फार थोडे लोक बघतात. बल्ब गेलेला असेल तर तो कायमच विझलेला.

वर वास बघायला सांगितला तो ऑइलला डिझेलचा वास येतो का, हे कळण्यासाठी. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम (पडदा) फाटला किंवा इंजेक्शन पंपाचं सील गेलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पट्टीवर पातळी वाढलेली दिसते आणि प्रेशर पडतं. अशा इंजिनात बेअरिंग अजून शाबूत असू शकतात. गळती बंद करून ऑइल आणि फिल्टर बदला, आणि इंजिन खोलायचं की नाही हे त्यानंतर पुन्हा मोजून ठरवा.