डॅशबोर्डवरचा तो दिवा लुकलुकतो तेव्हा

गेल्या वर्षी, बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर पडलेल्या पहिल्या पावसात, एका लांबलचक उजव्या वळणावर माझी गाडी घसरली. ‘घसरली’ हा शब्द मी आज स्पष्टपणे लिहितो आहे. त्या वेळी मात्र घरी आणि मित्रांना मी ‘गाडी जरा हलली’ एवढेच सांगितले होते. वळणाच्या मध्यावर मागची बाजू डावीकडे सुटल्याची जाणीव आधी कमरेला झाली, डोळ्यांना नंतर. पायाखालून खर्रर्र असा आवाज आला, डॅशबोर्डवर मागे नागमोडी खुणा सोडत जाणाऱ्या गाडीचे पिवळे चित्र चार-पाच वेळा लुकलुकले, आणि काय होते आहे हे मला नीट उमगण्याच्या आत गाडी पुन्हा आपल्या रेषेत आली. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीची झोपही मोडली नाही. पुढचे दोन-तीन दिवस मला मनापासून वाटत होते, की आपण गाडी छान सावरली.

ती मी सावरली नव्हती. हे कळण्यासाठी मला गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक पहिल्यांदा उघडावे लागले, आणि त्यानंतर या विषयावर जे काही वाचायला मिळाले ते वाचत गेलो. आज हे सविस्तर लिहितो आहे, कारण गाडी चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांना तो पिवळा दिवा ओळखता येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्यातले काही जण ती यंत्रणा बंद करण्यात मोठेपणा मानतात.

या यंत्रणेचे नाव इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, थोडक्यात ईएससी. कंपन्या तिला निरनिराळी नावे देतात, ईएसपी हे त्यांतले सर्वांत परिचित. काम मात्र एकच. स्टिअरिंग किती वळले आहे हे एक सेन्सर सांगतो. प्रत्येक चाकाचा वेग मोजायला चार वेगळे सेन्सर असतात. गाडी प्रत्यक्षात स्वतःभोवती किती वळते आहे आणि बाजूला किती जोराने ओढली जाते आहे, याचेही मोजमाप सतत चालू असते. स्टिअरिंगवरून चालकाचा इरादा कळतो, बाकीच्या मोजमापांवरून वस्तुस्थिती कळते, आणि या दोहोंची पडताळणी सेकंदाला सुमारे २५ वेळा होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे रस्त्याच्या जवळपास प्रत्येक मीटरला ही यंत्रणा एकदा विचारते, की चालकाला जिकडे जायचे आहे तिकडेच गाडी चालली आहे ना? तफावत दिसली, की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि लागेल तसा इंजिनाचा जोरही उतरवते. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक रोखले जाते. गाडी वळायला तयार नसेल आणि नाकाने सरळ बाहेर निघाली असेल, तर आतल्या बाजूचे मागचे चाक. माझ्या त्या उजव्या वळणावर जे चाक रोखले गेले असणार, ते पुढचे डावे.

हे वाचले आणि माझा अभिमान तिथेच संपला. आपल्या पायाखाली ब्रेकचे एकच पेडल असते आणि ते दाबले की चारही चाकांना ब्रेक लागतो. फक्त पुढच्या डाव्या चाकाला, तोही सेकंदाच्या अंशभरासाठी ब्रेक लावण्याचे साधन माझ्याकडे नाही, तुमच्याकडे नाही आणि जगातल्या सर्वांत कुशल चालकाकडेही नाही. ‘मला असली मदत लागत नाही’ असे जो म्हणतो, त्याने कौशल्याच्या आधी या एका गोष्टीचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते. हा हाताच्या सफाईचा प्रश्नच नाही.

माझा भाचा गाडी उत्तम चालवतो, माझ्यापेक्षा निश्चितच चांगली. मागच्या महिन्यात त्याच्या शेजारी बसलो, तेव्हा गाडी सुरू करताक्षणी त्याने यंत्रणा बंद करण्याचे बटण दाबून धरले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “मामा, ही सिस्टीम चालू असली की गाडी आपल्या हातात राहतच नाही. मला जमतं हो.” मी त्याला म्हटले, “तुला जमत असेल, पण समोरून येणाऱ्याला हे कुठे माहीत आहे?” आमचा वाद तिथे मिटला नाही. त्याने त्या दिवशी माझ्या वयाचा मान राखून यंत्रणा पुन्हा चालू केली, एवढेच.

बटण मुळात दिले आहे ते कशासाठी, हेही सांगायला हवे. गाडी चिखलात, वाळूत किंवा ताज्या बर्फात रुतली, की चाक थोडे मोकळे फिरू द्यावे लागते. यंत्रणा मात्र फिरणारे चाक दिसताच इंजिनाचा जोर काढून घेते आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी ती तात्पुरती बंद करावी, बाहेर पडावे आणि लगेच चालू करावी. अमेरिकेच्या नियमाने तर गाडी प्रत्येक वेळी नव्याने सुरू केली की ही यंत्रणा आपोआप चालू स्थितीत यावी लागते. त्या नियमामागचा विचार मला फार समंजस वाटतो. शर्यतीच्या ट्रॅकवर ती बंद करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. तिथे सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात, वळणाच्या बाहेर घसरत जायला मोकळी जागा राखलेली असते, डोक्यावर हेल्मेट असते, वैद्यकीय पथक उभे असते आणि मुख्य म्हणजे तिथे आलेला प्रत्येक जण धोका समजून, स्वतःच्या मर्जीने आलेला असतो. सार्वजनिक रस्त्यावरच्या सायकलस्वाराने अशी संमती कोणाला दिलेली नसते.

गाडी आडवी होऊन घसरणे इतके घातक का, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. समोरून धडक बसली तर आपल्यापुढे बॉनेटच्या लांबीएवढा भाग असतो, जो चेपत चेपत आघात पचवतो. सीट बेल्ट आणि समोरची एअरबॅग हीदेखील मुख्यतः त्याच दिशेच्या धडकेसाठी असतात. तीच गाडी फिरून दाराच्या बाजूने झाडावर किंवा खांबावर गेली, तर झाड आणि माणसाच्या बरगड्या यांच्यामध्ये उरते ती दाराची वीतभर जाडी. गाडी आडवी होऊ न देणे, हेच या यंत्रणेचे खरे काम. अपघात टळला नाही, तरी गाडीचे तोंड पुढे राहिले एवढ्यानेसुद्धा आतली माणसे वाचू शकतात. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासात असे दिसले, की दुसऱ्या कोणत्याही वाहनाशी संबंध न येता एकट्या गाडीला होणाऱ्या जीवघेण्या अपघातांचा धोका या यंत्रणेमुळे जवळजवळ निम्म्यावर येतो आणि सर्व प्रकारच्या जीवघेण्या अपघातांचा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. सीट बेल्टनंतर इतका फरक पाडणारी फार थोडी साधने मोटारीत आली असतील, असे माझे मत आहे.

ही यंत्रणा काही कालची नाही. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी मिळून ती १९९५ मध्ये बाजारातल्या गाडीत आणली, तेव्हा ती फक्त महागड्या एस-क्लासच्या वाट्याला आली. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने मर्सिडीजच्याच छोट्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक एल्क हा मोठा प्राणी आला तर त्याला चुकवून पुन्हा आपल्या लेनमध्ये येता यावे, अशी ती चाचणी होती, आणि त्यात गाडी चक्क उलटली. कंपनीने काही काळ त्या गाडीचा पुरवठा थांबवला, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि प्रत्येक ए-क्लासला ही यंत्रणा बसवायचे ठरवले. श्रीमंतांच्या गाडीतली सोय छोट्या गाडीत आली ती अशी, एका नामुष्कीच्या वाटेने. पुढे अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांविषयी लिहितो, आणि त्यांच्यात त्या पावसापूर्वीचा मीही होतो. गाडीत सगळी सुरक्षा आहे, तेव्हा थोडे वेगाने गेले तरी चालेल, असे मानणारे हे लोक. यंत्रणा पकड निर्माण करत नाही. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे, तेवढीच ती चार चाकांमध्ये शहाणपणाने वाटून घेते. १०० मीटर त्रिज्येचे एक सपाट वळण घ्या. ओल्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचे माप, साधारण ०.५ धरला, तर त्या वळणावर गाडी टिकू शकेल असा कमाल वेग निघतो ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. मातीचा किंवा सांडलेल्या तेलाचा थर असेल आणि घर्षणांक ०.३ पर्यंत उतरला, तर हाच वेग साधारण ६२ वर येतो. वेग दहाने वाढवून ८० चा ९० केला, की लागणारी पकड दहाने वाढत नाही. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वापटीहून जास्त वाढते. ती पकड रस्त्यावर नसेल, तर कोणताही संगणक ती आणून देऊ शकत नाही. गाडी चारही चाकांवर, अगदी शिस्तीत, रस्ता सोडून बाहेर जाते.

म्हणून त्या लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मी आता वेगळा लावतो. पूर्वी तो मला शाबासकीसारखा वाटत असे, ‘काळजी नको, मी आहे’ असे सांगणारा. प्रत्यक्षात तो सांगत असतो, की या क्षणी रस्त्याने देऊ केलेली सगळी पकड तुम्ही खर्च केली आहे आणि हाती शिल्लक काही नाही. समोर एखादे मूल आले असते, तर त्याला चुकवायला लागणारी पकड कुठून आणली असती? हल्ली दिवा लुकलुकला, की मी वेग उतरवतो आणि पुढच्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटे विचार करतो. वेग जास्त होता, की वळणात ब्रेक दाबला, की अ‍ॅक्सिलरेटर लवकर दिला? त्या पहिल्या पावसाच्या दिवशी उत्तर सरळ होते. कित्येक दिवसांची धूळ आणि तेल पाण्यावर तरंगून वर आले होते, आणि मी कोरड्या रस्त्याच्या वेगाने वळणात शिरलो होतो.

आणखी एक बाब, जी मला कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी सांगितली नाही. चालकाचा इरादा यंत्रणेला फक्त स्टिअरिंगवरून कळतो. घाबरून स्टिअरिंग सोडून दिले किंवा ते इकडून तिकडे गरागरा फिरवले, तर तेच तुमचे म्हणणे आहे असे समजून ती वागते. गाडी सुटल्यासारखी वाटली, तर नजर झाडाकडे किंवा समोरच्या ट्रककडे न ठेवता ज्या मोकळ्या रस्त्याने जायचे आहे तिकडे ठेवावी आणि स्टिअरिंगही तिकडेच ठेवावे. हात नजरेच्या मागे जातात. पायाखाली थरथर जाणवली किंवा आवाज आला, तर दचकून वेडेवाकडे काही करू नये. तो यंत्रणेच्या पंपाचा आवाज असतो.

टायरबद्दल थोडक्यात लिहितो, पण ते तितकेच महत्त्वाचे आहे. वर लिहिलेला सगळा हिशेब रस्त्याला टेकलेल्या चार तुकड्यांवर चालतो आणि त्यांतला प्रत्येक तुकडा साधारण तळहाताएवढा असतो. गुळगुळीत टायर, कमी हवा, चार चाकांना चार जातींचे टायर असे असताना कितीही चांगली यंत्रणा दुबळीच पडते.

शेवटी माझी एक तक्रार. त्या घसरण्याच्या आदल्या वर्षी मी एका गॅरेजमध्ये टायर बदलून घेतले आणि गाडी बाहेर काढली, तेव्हा तोच पिवळा दिवा लुकलुकत नव्हता, तर सलग पेटलेला होता. मी विचारले, तर मेकॅनिक हात पुसत म्हणाला, “साहेब, तो दिवा असाच लागतो. गाडी चालतेय ना? बिनधास्त न्या.” मी नेली. लुकलुकणे म्हणजे यंत्रणा काम करते आहे आणि सलग पेटणे म्हणजे ती बिघडली आहे, हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता. त्याला माहीत असायला हवा होता, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कामासाठी वेगळ्या ठिकाणी गाडी दाखवली, तेव्हा तिथल्या माणसाने ती जॅकवर चढवून मागच्या उजव्या चाकामागे टॉर्च मारला. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर टायर बदलताना खेचली जाऊन तिचा कनेक्टर अर्धवट निसटला होता. त्याने तो साफ केला, बोटाने दाबून बसवला, टक् असा आवाज आला आणि थोडे अंतर चालवल्यावर दिवा विझला. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. मधल्या दोन आठवड्यांत मी सहकुटुंब त्याच उजव्या वळणावरून चार वेळा गेलो होतो, आणि त्यातल्या एका दिवशी पाऊस होता.