मायसेलर वॉटरबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. कोरड्या त्वचेसाठी म्हणून आमच्या दुकानातून नेलेल्या मायसेलर वॉटरनं, म्हणजे मेकअप काढायच्या पाण्यानं, डोळ्यांभोवती झोंबायला लागलं, गालांची सालपटं निघाली आणि वॉटरप्रूफ मस्कारा काही निघाला नाही. त्रास तुम्हाला झाला आणि चूक आमची होती. मनापासून माफी मागते.

त्वचा कोरडी की तेलकट, हे आमच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं. मेकअप कोणता करता, हे विचारलंच नाही. निम्मा निर्णय तर तिथेच होतो. मायसेलर वॉटर हे मुख्यतः पाणीच, त्यात थोडा सर्फॅक्टंट, म्हणजे मळ आणि तेल सोडवणारा साबणासारखा घटक. रोजच्या हलक्या मेकअपला ते पुरतं. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मात्र मेण आणि पाण्याला दाद न देणारे घटक असतात, ते तेलातच सुटतात. मग आपण कापूस घासत राहतो, तोही पापण्यांवर, जिथली त्वचा सगळ्यात पातळ.

दुसरी चूक मला जास्त लागली. बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असं छापलेलं असतं, तेच आम्ही तुम्हाला सांगितलं. पण न धुतलेला सर्फॅक्टंट रात्रभर चेहऱ्यावर राहतो आणि कोरड्या, नाजूक त्वचेला तो झोंबू शकतो. लेबलवर काहीही असो, चेहरा साध्या पाण्यानं धुवाच, हे आम्ही सांगायला हवं होतं.

माल बनावट असल्याचं तुम्ही लिहिलंय, तो एक मुद्दा मात्र मान्य नाही. माल बनावट नाही. तेलकट त्वचेच्या, हलका मेकअप करणाऱ्या कितीतरी जणी हेच वापरतात आणि त्यांना ते मानवतं. तुमच्यासाठी निवड चुकली.

तुम्हाला मेकअप विरघळवणारं तेलकट क्लेन्झर, म्हणजे बिनसुगंधी क्लेन्झिंग बाम किंवा क्लेन्झिंग ऑइल बरं पडेल. कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर हलकेच चोळायचं, मग हात ओले करून पुन्हा फिरवायचे. ते दुधासारखं पांढरं झालं की कोमट पाण्यानं धुवायचं. ही दुधाळ होण्याची पायरी बहुतेक जणी गाळतात, मग चेहरा चिकट राहतो आणि दोष तेलाला लागतो. (साधं खोबरेल असं पाण्यात मिसळत नाही, आणि मुरुमं येणाऱ्या त्वचेची रंध्रं त्यानं बुजू शकतात. म्हणून ते मी कुणाला सुचवत नाही.) मस्काऱ्यासाठी तेल आणि पाणी अशा दोन थरांचं रिमूव्हर घ्या. बाटली नीट हलवून पॅड भिजवा, मिटलेल्या डोळ्यावर 20 ते 30 सेकंद नुसता ठेवा आणि मग खाली ओढून घ्या. लेन्स लावत असाल तर आधी काढा.

पण हे सगळं आज नको. आत्ता मेकअप पूर्ण थांबवा, सौम्य मॉइश्चरायझर लावा, त्वचा शांत होऊ द्या. सूज आली किंवा लाली ओसरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नवीन काही घ्याल तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून, लेबलवर सांगितलेल्या वेळेनंतर धुऊन, दिवसातून दोनदा असं 7 ते 10 दिवस करून बघा. तेवढ्यासाठी छोटी नमुना डबी आमच्याकडून न्या.

उरलेली बाटली, अर्धी असली तरी, परत आणा. पूर्ण पैसे मिळतील. पावती नसेल तरी चालेल. तुम्ही याल त्या दिवशी मी स्वतः तुमच्याशी बोलेन. येताना रोजचा मस्कारा आणि फाउंडेशन तेवढं बरोबर आणा.