भिंत एक, चित्रकार सगळे

चित्रप्रदर्शनाला जरा मदत करशील का, असं कुणी विचारलं की डोळ्यांसमोर काय येतं? इस्त्रीचे कपडे, मागे बांधलेले हात, किंचित तिरकी मान आणि मधूनच एखादा "वाऽ". चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही हे मी आधीच सांगून टाकलं, तर विचारणारे म्हणाले, मग तर तूच पाहिजेस, तू कुणाच्या बाजूचा नाहीस. आता चित्रप्रदर्शनात बाजू कुठून आल्या हे तेव्हाच विचारायला हवं होतं, पण तोवर माझ्या हातात मेजर टेप दिलेली होती.

फॉर्मवर चित्राचं माप लिहायचं होतं. चित्राच्या मापात आधी उंची आणि मग रुंदी लिहायची पद्धत आहे, तसं छापलंही होतं, तरी निम्म्या लोकांनी उलटं लिहिलं, एकाने "मध्यम" लिहिलं, आणि एका काकूंनी "पेपर उघडल्यावर होतो तेवढं". त्यावरून मी कागदावर भिंतींची मांडणी केली, रंगीत पेनं वापरून वगैरे. प्रत्यक्षात चित्रं आली तेव्हा आडव्या जागेत उभी, उभ्या जागेत आडवी, आणि दोन चित्रं दारातूनच आत येईनात.

बरीचशी मंडळी वेळेवर आली. एक दादा मात्र शेवटच्या रात्री आले, चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळलेलं, चेहरा शांत. "थोडंसं ओलं असेल," म्हणाले. तैलरंगात थोडंसं ओलं असं काही नसतं हो! तो पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, हाताला न लागण्याइतकं वाळायलाच कितीतरी दिवस जातात आणि आतपर्यंत वाळायला महिने. हे ज्ञान मला त्याच रात्री मिळालं, एक जण हेअर ड्रायर घेऊन उभा असताना. बबल रॅप काढला तर आकाशभर गोल गोल ठसे. मला वाटलं आता हे रडतील. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, डोळे बारीक केले, आणि लेबलावर "तैलरंग" खोडून "मिश्र माध्यम" लिहिलं. चित्राचं नाव "दुपार" होतं, त्याचं "पावसाची चाहूल" झालं. कलाकार म्हणतात तो हाच.

पण ही सगळी किरकोळ दुखणी. खरं दुखणं भिंत. हॉलला भिंती चार, त्यातली एक खिडक्यांची. तिथे ऊन येतं आणि उन्हात जलरंग फिके पडतात, म्हणून तिथे लावता येत नाही. एक भिंत फ्यूज बॉक्स आणि आग विझवायच्या लाल सिलिंडरची, तो हलवायचा नाही असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. एका भिंतीला दारं. उरली दारासमोरची भिंत, आणि ती प्रत्येकाला पाहिजे. कुणी थेट मागत नाही हं. "मला कुठेही चालेल, फक्त चित्राला जरा मोकळी जागा लागते." "माझं काही नाही, पण बघणाऱ्यांची गैरसोय नको." एका ताईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचं चित्र लाजाळू आहे, कोपऱ्यात दिसणारच नाही!

मग उंची. गॅलऱ्यांमध्ये साधारण ठरलेला हिशोब असा की चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर, म्हणजे जवळपास 145 सेंटिमीटरवर यायला हवा. चित्र 24 इंच उंच असेल तर त्याचे निम्मे 12 मिळवायचे, मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येत असेल तर ते वजा करायचे, म्हणजे खिळा 66 इंचांवर. मी हे फळ्यावर सोडवून दाखवलं. "डोळ्यांच्या उंचीवर येतं," म्हटलं. मागून एक काका म्हणाले, "कुणाच्या डोळ्यांच्या?" आमचे सेक्रेटरी दारातून वाकून येतात आणि खजिनदार मॅडम त्यांच्या कोपराला लागतात. पुढचा तासभर काय झालं ते मी सांगत नाही, फक्त एवढंच, की भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा इतक्या झाल्या की एका गृहस्थांनी तेही चित्र समजून लांबून बघितलं.

रात्री घरी बसून, आधीच्या लोकांनी काय केलं असेल म्हणून वाचत बसलो. तर हे दुखणं फार जुनं निघालं. 1784 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात गेन्सबरो नावाच्या चित्रकाराने राजकन्यांचं चित्र खाली लावा म्हणून हट्ट धरला, त्यांनी ऐकलं नाही, तर त्याने सगळी चित्रं उचलून नेली आणि पुन्हा तिथे कधीच लावली नाहीत. वाचून मला हेवा वाटला. आमच्याकडे रागावलेला माणूस चित्र नेत नाही, चित्र तिथेच ठेवून स्वतः शेजारी उभा राहतो. मग न्यूयॉर्कचं 1917 सालचं प्रदर्शन सापडलं, परीक्षक नाही, बक्षीस नाही, चित्रं आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावायची आणि सुरुवात कुठल्या अक्षरापासून ते चिठ्ठी काढून. (द्युशाँ नावाच्या कलाकाराने कलाकृती म्हणून युरिनल पाठवलं ते हेच प्रदर्शन. सगळ्यांना प्रवेश म्हणून सांगितलं होतं, ते मात्र मांडलं नाही.) म्हटलं सुटलो! दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं. आडनाव की नाव, इथपासून सुरुवात झाली, मग लग्नाआधीचं की नंतरचं, मग टोपणनावाने सही करणाऱ्यांचं काय, आणि नावात ज्ञ असलेले एक जण म्हणाले की शाळेतही मी शेवटीच बसायचो, आता नाही. ठराव बारगळला.

शेवटी मी काय केलं, तर सगळ्यांना घरी पाठवलं, दोन पोरं हाताशी घेतली आणि रात्री चित्रं लावून टाकली. सकाळी जे दिसेल ते अंतिम. अमूर्त चित्राची काळजी होती. मातीस या नामांकित चित्रकाराचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये 1961 साली 47 दिवस उलटं लटकत होतं आणि ते लक्षात आणून दिलं एका बघायला आलेल्या बाईने. म्हणून मी आधीच प्रत्येकाला चित्राच्या मागे बाण काढायला लावला होता. आमच्या अमूर्तवाल्या मॅडमनी चारही बाजूंना बाण काढून दिले.

उद्घाटन झालं, भाषण लांबलं, "हे सगळं हाताने काढलंय?" असं एकाने विचारलं, हे सगळं नेहमीचं. शेवटच्या संध्याकाळी मात्र गंमत झाली. विकलेल्या चित्राखाली लाल ठिपका चिकटवतात, त्या स्टिकरांचा कागद टेबलावर पडून होता, बराचसा कोराच, म्हणजे न वापरलेला. कुणाच्या तरी छोट्या मुलीच्या हाती तो लागला आणि तिने हात पोचेल तिथे ठिपके लावत हॉलभर चक्कर मारली. सगळं प्रदर्शन विकलं गेलं. सिलिंडरसुद्धा. ते लक्षात येईपर्यंत माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. खिडकीजवळच्या काकूंनी तीन नातेवाइकांना फोन केले होते आणि सिलिंडरशेजारी चित्र आल्यामुळे माझ्याशी बोलणं सोडलेले काका पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

खरं काय ते माइकवरून सांगावं लागलं. मग मी नखाने ठिपके काढत निघालो, तर काका हळूच म्हणाले, "बंद व्हायला तासच आहे ना, राहू दे की." राहू दिला. मग काकूंचा कसा काढणार, आणि काकूंचा ठेवला तर मॅडमचा? आपण कुणाच्या बाजूचे नाही. शेवटी सिलिंडरचा तेवढा काढला, त्याच्या वतीने भांडायला कुणी आलं नाही.