लिव्हिंग विलवर सही म्हणजे मरणाला संमती नव्हे

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: "सुप्रीम कोर्टाने इच्छामरण कायदेशीर केलंय. म्हाताऱ्यांनी लिव्हिंग विलवर सही केली की डॉक्टर इंजेक्शन देऊन मोकळे. अरुणा शानबागला असंच मारलं. मुलं इस्टेटीसाठी सह्या घेतील. परदेशात हेच चाललंय. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही. कुठल्याही कागदावर सही करू नका." मी मिरजेत आयसीयूमध्ये सिस्टर होते, आता निवृत्त आहे. हा मेसेज वाचून घाबरलेल्या बायका माझ्याकडे विचारायला येतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी इंजेक्शन. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं भारतात आजही गुन्हा आहे, पेशंटने हात जोडून मागितलं तरीही. गोळ्या आणून देऊन "तुमच्या हाताने घ्या" म्हणणंसुद्धा गुन्हाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 खाली आत्महत्येला मदत केल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात मान्य केलं ते वेगळं आहे. बरं होण्याची आशा संपली असेल तर केवळ मरण लांबवणारे उपचार, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे, थांबवता येतात किंवा मुळात सुरूच न करण्याचं ठरवता येतं. आणि आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा काय करावं, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. तेच लिव्हिंग विल. वेदना कमी करणं, कूस बदलणं, तोंड ओलं करणं यातलं काहीही त्यामुळे थांबत नाही.

अरुणा शानबागबद्दलचं वाक्य वाचून मात्र माझा संताप झाला. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएममध्ये एका वॉर्डबॉयने या नर्सवर अत्याचार केला, साखळीने गळा आवळला, आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. पुढची एक्केचाळीस वर्षं तिथल्या नर्सेसनी तिला भरवलं, पुसलं, सांभाळलं. इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, याची कोर्टानेही दखल घेतली. बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, ते रात्रपाळीत पेशंटची कूस बदलणाऱ्यांना विचारा. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी तिचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, नर्सेसनी विरोध केला, आणि 7 मार्च 2011 ला कोर्टाने ती मागणी फेटाळली. 18 मे 2015 ला ती न्यूमोनियाने गेली. तिला कुणीही मारलेलं नाही.

इस्टेटीची भीती खोटी नाही. तशी घरं मीही पाहिली आहेत. पण नुसत्या मुलांच्या सहीवर काही होत नाही. 24 जानेवारी 2023 ला कोर्टाने नियम सुटसुटीत केले, तरी दोन बोर्ड ठेवलेच. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. पहिल्या बोर्डातलं कुणीही इथे चालत नाही. दोन्ही बोर्डांचं एकमत, कागदात नेमलेल्या माणसांची संमती, मग मॅजिस्ट्रेटला कळवणं, आणि त्यानंतरच उपचार थांबतात.

आता कागद नसतो तेव्हा काय होतं ते सांगते, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ते कधी पाहिलेलं दिसत नाही. जत-आटपाडीकडून आलेले आजोबा, स्ट्रोकनंतर व्हेंटिलेटरवर. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं गॉजपट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेली. बाहेर बाकावर दोन मुलं आणि एक जावई. उसाचं बिल आलेलं संपतं, मग सुनेचं डोरलं गहाण पडतं. "सुधारणा नाही" हे डॉक्टर रोज सांगतात, पण मशीन काढायला धजत नाहीत, कारण उद्या पोलिसकेस होईल ही धास्ती. शेवटी थोरला मुलगा डामाच्या फॉर्मवर सही करतो: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेतोय म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कुणीतरी गावापर्यंत श्वास देणारी अँबू बॅग हाताने दाबत बसतं. ओट्यावर उतरवलं की नळी काढतात. वेदना शमवणारं मॉर्फिन नाही, डॉक्टर नाही, श्वास अडकला तर काय करायचं हे घरात कुणाला माहीत नाही. आणि तो मुलगा जन्मभर म्हणत राहतो की बापाला मीच मारलं.

इस्टेटीसाठी कुणाला म्हाताऱ्याला सोडूनच द्यायचं असेल तर डामाची वाट आधीपासून मोकळी आहे, आणि तिथे एकाही बोर्डाला विचारावं लागत नाही. लिव्हिंग विलमध्ये निदान म्हाताऱ्याला स्वतःला काय हवं होतं ते लिहिलेलं असतं. "शेवटपर्यंत सगळे उपचार करा" अशी कुणाची इच्छा असेल तर तीही घरच्यांना आणि डॉक्टरांना स्पष्ट लिहून द्यावी. हे कुणी सांगतच नाही.

परदेशाचं थोडक्यात. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये 2002 पासून डॉक्टरांच्या हातून मरण कायदेशीर आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1997 पासून सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेला पेशंट औषध मागू शकतो, पण ते त्याने स्वतः घ्यायचं असतं. कॅनडाने 2021 मध्ये मरण जवळ नसलेल्या पेशंटांनाही ही मुभा दिली, आणि तिथल्या अपंगांच्या संघटनांनी त्याला केलेला विरोध मला पटतो. असा कायदा आपल्याकडे आणू नये, असंच माझं मत आहे. तालुक्याच्या गावात कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिनची गोळी मिळत नसताना मरणाची सोय आधी करणं हा अन्याय आहे. पण ती चर्चा आणि लिव्हिंग विल यांचा संबंध नाही.

राहिली संस्कृती. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जैन समाजाला सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारण्याचं व्रत, काय हे समजावून सांगावं लागत नाही; 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर ती घेतली. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने तिला गुन्हा ठरवलं, आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. 1982 मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं. सल्लेखना हे व्रत आहे, लिव्हिंग विल हा दवाखान्याचा कागद. दोन्ही एक नाहीत. पण आता पुरे असं म्हणणारा माणूस आपल्याकडे परका कधीच नव्हता.

कागद करायचा असेल तर दोन साक्षीदार आणा, शक्यतो वारस नसलेले. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करा. तुमच्या वतीने बोलणारी एकाहून जास्त माणसं नेमा आणि त्यांच्याशी आधी सविस्तर बोला. एक प्रत फॅमिली डॉक्टरला द्या, एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. उद्या मन बदललं तर तो लेखी रद्द करता येतो, केव्हाही.