मूळ कनेक्टिंग रॉडचे काय?
टर्बो इंजिनाचा बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवण्याआधी फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेले, अधिक मजबूत) पिस्टन बसवावेत, हा लेखातील सल्ला योग्य असला तरी कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचा) उल्लेख त्यात फारच ओझरता आला आहे. लहान टर्बो कमी आरपीएमलाच मोठा टॉर्क देतो आणि त्या वेळी सिलिंडरमधील दाब शिगेला पोहोचत असल्याने रॉड वाकण्याचा धोका कमाल अश्वशक्तीपेक्षा त्या टॉर्कवर अधिक अवलंबून असतो. रोजच्या गाडीसाठी मला २६१८ पेक्षा ४०३२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पिस्टन बरे वाटतात, त्यात सिलिकॉन अधिक असल्याने ते तापल्यावर कमी प्रसरण पावतात, क्लिअरन्स (पिस्टन व सिलिंडरमधील फट) कमी ठेवता येतो आणि थंड इंजिनाची खडखड बरीच टळते (शर्यतीच्या गाडीत ती ऐकतो कोण!). पिस्टनभोवतीच्या रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधील फट) मात्र वाढवावाच लागतो, अन्यथा जादा उष्णतेने रिंगची टोके एकमेकांना भिडून पिस्टनची रिंगलँड (रिंगच्या खाचांमधील कड) तुटू शकते.