गेटवर उभ्या गाडीचे पैसे कोण देतं

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ट्रकचा विषय निघाला की मला टॅग करतात, कारण अख्ख्या खानदानात अमेरिकेत येऊन ट्रक चालवणारा मी एकटाच, बाकी सगळे सॉफ्टवेअरवाले. १५ सप्टेंबर २०२५ ला इंदूरात नो एंट्रीत घुसलेल्या ट्रकनं कालानी नगरपासून बडा गणपतीपर्यंत लोकांना चिरडलं, ड्रायव्हर प्यायलेला होता, तेव्हापासून आमच्याकडे दोनच मतं आहेत. राजेंद्रनगरची मावशी म्हणते सगळ्या ड्रायव्हरांना आत टाका, आणि देवास नाक्यावर ट्रान्सपोर्टचं ऑफिस असलेले मामा म्हणतात, आता केबिनमध्ये एसी पण दिला, अजून काय पाहिजे यांना.

मावशीचं दारूबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. इथे मोठी गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारू ०.०४ टक्के झाली की संपलं, कारवाल्यापेक्षा अर्धी लिमिट, आणि कंपनीचा फोन आला की अ‍ॅक्सिडेंट वगैरे काही न होता पण लगेच टेस्टला जावं लागतं. हे तिकडे आणा, मी पहिला टाळ्या वाजवीन. पण नुसत्या शिक्षेनं काय होतं? जानेवारी २०२४ चा संप आठवा, हिट अँड रनला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा म्हटल्यावर गाड्या उभ्या राहिल्या, पेट्रोल पंपांवर लाइनी लागल्या, आणि शाजापूरच्या कलेक्टरनी मीटिंगमध्ये ड्रायव्हरला त्याची औकात विचारली. तो बिचारा म्हणाला, औकात नाही म्हणूनच तर भांडतोय. कलेक्टर हटवले गेले, ते कलमही लागू करायचं थांबवलं, आणि मूळ गोष्ट राहिली तिथेच.

एसीचं मामांना उगाच कौतुक. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकला एसी केबिन कम्पल्सरी झाली, चांगलंच झालं, मे महिन्यात सेंधव्याच्या पुढे लोखंडी डब्यात बसून बघा. पण तिकडे सगळ्यांना वाटतं अमेरिकेत हे पहिल्यापासून असेल. कसलं काय. यूपीएस या पार्सल कंपनीच्या त्या तपकिरी डिलिव्हरी गाड्यांना एसी नसायचं, २०२३ मध्ये ड्रायव्हरांच्या टीमस्टर्स युनियननी संपाची धमकी दिली तेव्हा कुठे १ जानेवारी २०२४ पासूनच्या नव्या गाड्यांना मिळालं. म्हणजे इंडियाच्या फक्त पावणेदोन वर्षं आधी!

मी दुसऱ्या एका पार्सल कंपनीचा माल ओढतो, रात्री कोलंबस ते पिट्सबर्ग आणि परत, आणि पैसे मैलावर. मैलावर म्हणजे चाक फिरलं तरच. मागच्या हिवाळ्यात एकदा पिट्सबर्गच्या पार्सल डेपोच्या गेटवर साडेतीन तास उभा होतो, आतल्या बेल्टवर काहीतरी अडकलं म्हणे, पुढे आठ गाड्या, बाहेर बर्फ, टॉयलेट गेटच्या आत आणि लाइन सोडली तर नंबर जातो, तेव्हा शेवटी बाटली. हो, अमेरिकेत पण बाटलीच. डॅशबोर्डवरच्या टॅब्लेटमध्ये चौदा तासांचं घड्याळ ड्यूटी सुरू झाली तेव्हापासून पळतं, उभे असलात तरी थांबत नाही, त्यातले अकराच तास चालवता येतं. परत यार्डात शिरलो तेव्हा वीस मिनिटं उरली होती. त्या साडेतीन तासांचे मिळाले शून्य डॉलर. आणि ओव्हरटाइम म्हणाल तर १९३८ च्या कायद्यातच राज्याबाहेर माल नेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला त्यातून वगळलंय, युनियननी काँट्रॅक्टमध्ये मिळवलं तर ठीक, नाहीतर जय हो.

गंमत म्हणजे आपला १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, जो नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या लेबर कोडनं संपला, कागदावर इथल्यापेक्षा चांगला होता. दिवसाचे आठ तास, लांबच्या रूटला दहापर्यंत, आणि पाच तास काम झालं की अर्धा तास आराम. आम्हाला तो अर्धा तास आठ तास चालवल्यावर मिळतो. फरक एवढाच की इथे टॅब्लेट मोजतो आणि पोलिस उघडून बघतो, तिकडे कोणी मोजतच नाही.

मामांच्या गाड्या भिवंडीला जातात. पार्सल भरायला संध्याकाळी सातला बोलावतात, माल येतो दहाला, सुटते साडेअकराला, पण भिवंडीला पोचायचा टाइम सातला सुटणाऱ्या गाडीचाच, आणि लेट झाली की भाड्यातून कापतात. मग तो पोरगा वाटेतल्या गणपती घाटाच्या उतारावर काय करणार? तिथे ब्रेक फेल होऊन इतके मेले की उतारासाठी वेगळा रस्ता काढावा लागला. रस्ता काढला, ते साडेचार तास कोणी नाही काढले.

म्हणून परवा मामांना फोन करून म्हटलं, मामा, तुम्ही एक करा, गाडी गेटवर कधी लागली आणि माल कधी मिळाला ते दोन्ही टाइम बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून त्यांच्या माणसाची सही घ्या. मामा हसले. बोलले, "भिया, सही मागितली तर उद्या दुसऱ्याची गाडी लावतील."

मग असोसिएशनमध्ये सगळ्यांनी मिळून मागा, असं म्हणत होतो, तेवढ्यात माझा नंबर आला आणि गेट उघडलं.